न हसणारे भाऊ

सगळी बस हसवणारे भाऊ स्वतः कधी हसले नाहीत. कंपनीची बस पोलादपूरहून निघायची; भाऊ वाटेत चढायचे आणि औद्योगिक वसाहत येईपर्यंत पहिल्या पाळीची झोप उडवायचे. आम्ही पोट धरून हसत असताना त्यांची नजर मात्र एकेका चेहऱ्यावरून फिरत असे.

विनोदाचे त्यांचे प्रकार ठरलेले होते. गोष्ट फुगवायची किंवा उलटवायची. स्वतःवर घ्यायची, नाहीतर दुसऱ्यावर ढकलायची. म्हणायचे, "फुगवलेल्या गोष्टीवर हसू येतं, कारण खरं काय ते ठाव असतं. उलटवलेल्या गोष्टीवर येतं, कारण पुढं काय येणार ते ठाव नसतं. दुसऱ्यावर ढकलणं सगळ्यात सोपं हाय, म्हणून जपून."

मला तो सोपा प्रकारच जमायचा. आमच्यातला किसन ॲसिडच्या पंपाजवळ नुसता गेला तरी मास्क लावायचा. भाऊ रजेवर असताना एकदा मी बसमध्ये म्हणालो, "किसनच्या घरात तोंडावर पदर वहिनी नाय घेत, हाच घेतो." सगळे खिदळले. किसनही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने मास्क खुंटीलाच ठेवला, आणि नेमका त्याच दिवशी पंप गळला. किसन दहा दिवस दवाखान्यात होता.

भाऊ रजेवरून आले तेव्हा माझा विनोद त्यांच्या कानावर गेला. किसन कामावर आला त्या सकाळी ते चक्क मास्क लावून बसमध्ये चढले.

"भाऊ, हे काय?"

"बायको म्हणते, असाच बरा दिसतोस."

बस हसून लोटपोट झाली. किसनने हळूच पिशवीतून आपला मास्क काढून मांडीवर ठेवला.

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना विचारलंच, "भाऊ, तुम्ही का हसत नाय?"

"मी हसत बसलो तर खोटं कोण हसतंय ते कोण बघंल रे?"

आता त्यांच्या सीटवर मी बसतो, पण स्वस्थ बसवत नाही. काल एकाने नव्या फिटरची टर उडवली, शिडी चढताना हा सेफ्टीचा पट्टा दोनदा तपासतो म्हणून. फिटर हसला, पण खाली मान घालून. मी उठलो, त्याच्याच पिशवीतला पट्टा कमरेला बांधला आणि बसच्या दांड्याला अडकवला.

"मला खिडकीतनं बघितलं तरी गरगरतं," मी म्हणालो.

सगळे मला हसले. फिटरही हसला, या वेळी मान वर करून. मी हसलो नाही. त्याच्याकडे बघत होतो.