यांना मी ओळखतो

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शहापूरला वकिली करत होतो आणि आठवड्यातून एकदा मुरबाडच्या कोर्टात जात होतो. तिथलं काम माझा कारकून पाहायचा. तो वयाने मोठा होता, मी त्याला काका म्हणायचो.

प्रतिज्ञापत्रावर पक्षकाराच्या अंगठ्याखाली वकिलाने लिहायचं असतं, 'यांना मी ओळखतो', आणि सही करायची. काका एकदा म्हणाला, "साहेब, म्हातारी मानसं त्या एका सहीसाठी शहापूरला कशाला पाठवायची? सह्या करून ठेवा ना." मला ते सोयीचं वाटलं. पुढे दर खेपेला मी तेवढी एक ओळ आणि सही असलेले कोरे कागद त्याच्याकडे ठेवून येऊ लागलो. ते कुणासाठी वापरले, हे कधी विचारलं नाही. आसपासचे बरेच वकील तसंच करत. पुढे माझ्यावर तक्रार झाली तेव्हा वकिलांच्या शिस्त समितीपुढे मी हेही सांगून पाहिलं.

दोन भावांचा भातशेतीच्या वाटणीचा दावा माझ्याकडे होता. बहिणीला हिस्सा नको, असं तिचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. बहीण आटगावकडे दिलेली. थोरल्या भावाने आपल्या बायकोलाच बहीण म्हणून काकापुढे उभं केलं. तिने अंगठा दिला. खाली माझी सही होतीच.

काही महिन्यांनी खरी बहीण शहापूरला माझ्या ऑफिसात आली. बसली नाही.

"वकीलसायब, तुमी मला वलखता का?"

"नाही."

"मंग कागदावर कसं लिवलंय, वलखतो म्हनून?"

तिने माझ्याविरुद्ध तक्रार केली.

काका मला म्हणाला, "मी सांगतो, तुमची सही मीच मारली. माझ्याकडं सनदच नाय, काढून काय घेतील?" मी नको म्हणालो. पण लगेच म्हणालो नाही. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय चाललं होतं, ते आम्हा दोघांनाही कळलं.

लेखी उत्तरात मी म्हटलं की हे काम कारकुनाने माझ्या गैरहजेरीत केलं. ते खरं होतं. समितीतले एक ज्येष्ठ वकील ते वाचून म्हणाले, "आमचंही तेच म्हणणं आहे." माझी सनद सहा महिने निलंबित झाली.

त्याच काळात माझी प्रकरणं दुसऱ्या वकिलाकडे सोपवायला मी मुरबाडला गेलो. बहीण कोर्टात आली होती. आधीचा अंगठा आपला नाही, असं तिला आता प्रतिज्ञेवर सांगायचं होतं. त्यासाठीही तिला ओळखणारा वकील लागत होता. ज्याच्यापुढे कागद आला, त्याने मान वर न करता 'यांना मी ओळखतो' लिहिलं आणि सही केली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"ह्ये वलखतात म्हने मला," ती म्हणाली.

त्या खोलीत तिला खरोखर ओळखणारा वकील मी एकटाच होतो, आणि माझी सही चालत नव्हती. पुढे तिचा हिस्सा तिला मिळाला. मी आजही सही करण्याआधी माणसाला समोर बसवून नाव, गाव विचारतो. पक्षकार कंटाळतात.