आजारपणातला इस्त्रीचा शर्ट

कंपनीत कुणी आठवड्याच्या वर आजारी राहिलं, की त्याच्या घरी साहेबराव जायचे. कंपनी बारामतीच्या एमआयडीसीत, पशुखाद्य तयार करणारी, आणि साहेबराव तिच्या टाइम ऑफिसात हजेरीचे क्लार्क. या जाण्याला कंपनी ‘विचारपूस’ म्हणायची. कामगार त्याला धाड म्हणायचे. साहेबराव दोन्हींच्या मधलं काहीतरी करायचे. मोटरसायकलला बिस्किटांच्या पुड्यांची पिशवी अडकवून जायचे, चहा प्यायचे आणि परत येऊन मॅनेजर साहेबांना सांगायचे, की माणूस खरंच आजारी आहे का आणि कामावर कधी येईल.

डॉक्टरची चिठ्ठी असताना हे कशाला, असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, “चिठ्ठी काय, आमच्या गावात म्हशीलाबी मिळती.”

सुरुवातीला त्यांचे अंदाज सपशेल चुकायचे. भिगवणचा संभाजी कावीळ झाली म्हणून घरी होता. साहेबराव गेले, तर हा पठ्ठ्या कडक इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून दारात उभा. “कसं काय, संभाजी?” विचारलं, तर “बरं हाय की. या, बसा.” चहा झाला, उजनीच्या पाण्याच्या गप्पा झाल्या. साहेबरावांनी येऊन ‘ठणठणीत’ म्हणून सांगितलं, साहेबांनी त्याला लगोलग बोलावून घेतलं, आणि पहिल्याच पाळीत संभाजी पेंडीची पोती मोजता मोजता पोत्यांवरच आडवा झाला. दवाखान्यात साहेबरावांनी त्याला विचारलं, की बाबा रे, मग बरं हाय असं का सांगितलंस?

“मंग काय करू?” संभाजी म्हणाला. “कंपनीचं माणूस दारात आलंय, अन मी आंथरुणात लोळत रडू व्हय?”

ते साहेबरावांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे सुप्याच्या समाधानकडे गेले, तर तो भर मे महिन्यात दोन गोधड्या घेऊन कण्हत पडलेला. पाय तेवढे बाहेर राहिले होते आणि टाचांना वावरातली ओली माती होती. चहाबरोबर पोहे आले. पोह्यांवर खोबरं किसलेलं. साहेबरावांनी पोहे चवीनं खाल्ले आणि म्हणाले, “कांदा काढून झाला की ये.” समाधान गोधडीतूनच “व्हय” म्हणाला.

तेव्हापासून त्यांनी तब्येत कशी आहे हे विचारणंच सोडून दिलं. जो कण्हतो त्याला बोलवायचं. जो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहतो, त्याला घरीच ठेवायचं. आणि चहात साखर विसरली असेल तर आणखी थोडे दिवस ठेवायचं, कारण त्या घरच्या बाईचं चित्त ठिकाणावर नाही. टाइम ऑफिसात नव्यानं लागलेल्या करुणा मॅडमना त्यांनी हे सगळं गाडीवर मागे बसवून, गावोगाव हिंडवून शिकवलं. करुणा आधी हसली. नंतर हसायची बंद झाली.

मग साहेबरावांचाच मणका सरकला. इतकी वर्षं त्या रस्त्यांवरून मोटरसायकल हाणल्यावर तो जागेवर होता हेच नवल. ऑपरेशन झालं, निमगाव केतकीच्या घरी खाट पडली. रिटायर व्हायला थोडकाच काळ उरला होता, आणि नवे मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाल्याचं त्यांच्या कानावर आलं, की गाडी चालवता येत नसेल तर या माणसाला ठेवून करायचं काय? साहेबराव हादरले. घरी बसलेली माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती, आणि त्यांच्यातला एक व्हायची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

अशात करुणाचा निरोप आला, की उद्या विचारपुशीला येतेय.

साहेबरावांनी रात्रीच बेत ठरवला. खुणा त्यांच्याच होत्या, त्यामुळे अडचण नव्हती. शर्ट घालायचा नाही. कण्हायचंही नाही, ते सोंग ठरेल. साध्या बनियनवर, पेपर वाचत, खुर्चीत ऐसपैस बसायचं. “आन चहात साखर टाक,” त्यांनी बायकोला, मालनबाईंना, बजावलं. “ध्यान ठिवून टाक.”

सकाळपासून ते बनियनवर बसले होते. पेपर दोनदा वाचून झाला. मग गल्लीच्या तोंडाशी स्कूटी वाजली. हापिसातलं माणूस दारात येणार आणि आपण बनियनवर. साहेबरावांनी दात आवळून पेपर घट्ट धरला. स्कूटी घरासमोर थांबली.

“मालन, शर्ट आण गं.”

मालनबाई आतून शर्ट घेऊनच आल्या. त्यांनी तो कालच इस्त्री करून ठेवला होता. हात वर होत नव्हते, म्हणून त्यांनीच बाह्या चढवल्या, बटणं लावली. साहेबराव भिंतीला धरून उठले आणि दारात जाऊन उभे राहिले.

“या मॅडम. बरं हाय आता एकदम.”

करुणानं शर्टाकडे पाहिलं. तब्येत कशी आहे ते तिनं विचारलं नाही, आणि साहेबरावांना तिथंच कळलं की आपला कारभार आटोपला. चहा आला. तिनं एक घोट घेतला, मालनबाईंकडे पाहिलं आणि उरलेला बिनसाखरेचा चहा संपवला.

“काका, अजून दीड महिना घरी.”

“मी बरं हाय म्हनलो की.”

“म्हणूनच.” तिनं कप खाली ठेवला. “मग अर्धा दिवस यायचं, ऑफिसात, खुर्चीवर. गाडी बंद. गावं मी हिंडते, काय बघितलं ते तुम्हाला येऊन सांगते, खरं-खोटं तुम्ही ठरवा. मॅनेजर साहेबांशी बोलून, हो म्हणवून घेऊन मगच आलेय.”

साहेबराव तिला सोडायला दारापर्यंत गेले, तिनं नको म्हटलं तरी. स्कूटी वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले. मग कणा एकदम ढिला पडला आणि मालनबाईंनी त्यांना दंडाला धरून खाटेवर आणलं. साहेबराव रडत होते. मालनबाई त्यांच्या शर्टाची बटणं काढायला लागल्या.

“बेतानं काढ,” ते म्हणाले. “इस्त्री मोडू नगंस. कामावर जाताना लागंल.”