इंजनचं नाक, यशोदाबाईचा पाय

सुनेनं सासूचं कौतुक केलं की लोकांना आधी खोटं वाटतं, मग संशय येतो. येऊ द्या. माझी सासू यशोदाबाई काही गरीब गाय नव्हती. मी तिला आत्याबाई म्हणायची. तोंडाची फटकळ, कामाला वाघीण, आणि 'माझं चुकलं' हे दोन शब्द तिला जन्मात कुणी शिकवलेच नव्हते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मासे साफ करताना मी खवले अंगणात टाकले, तर सगळ्या आळीसमोर म्हणाली, "काहून वं शकुन, मायनं तुले मासे निस्ते खायलेच शिकवले का?" माझ्या मायचं नाव काढलं! मी रुसून जेवले नाही. तिनं साधं विचारलंही नाही. शेवटी माझी मीच मुकाट्यानं ताट वाढून घेतलं.

आम्ही ढिवर, मासे धरून पोट भरणारे. आसगावच्या पलीकडचं आमचं गाव आणि गावाला लागून बोडी, म्हणजे छोटा तलाव. बोडीच्या पाण्यावर शेतकऱ्यांचं धान पिकायचं, आणि तिच्यातले मासे न् शिंगाडे पंचायतीच्या ठेक्यानं आमच्याकडे. शेत म्हणाल तर आमच्यापाशी बोटभर नाही. बोडी गेली तर आत्याबाई, माझा नवरा मनिराम आणि मी, तिघांनाही गाव सोडून विटाभट्टीवर जावं लागलं असतं. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली ती वेळ दारात येऊन उभी राहिली.

झालं काय, त्या साली रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, बायांच्या पायांना खाज सुटली. आता गुडघाभर चिखलात वाकून धान रोवायचं म्हणजे थोडी खाज आलीच, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण त्या साली कहर झाला. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरलं की पोटऱ्या लाल, पुरळच पुरळ, खाजवून खाजवून जखमा. बाया कामावर येईनात. रोवणा खोळंबला. पुंडलिकराव पाटलाची बायको रुखमाबाई, तिचे पाय तर इतके सुजले की खाटेवरून उठवेना.

पुंडलिकराव गावातला मोठा शेतकरी, पंचायतीत त्याचा शब्द खाली पडत नसे. त्यानं भर चावडीत सांगितलं, "ढिवरायनं शिंगाड्यावरची कीड माराले बोडीत औषध टाकलं. पानी जहर करून ठेवलं. पोळा झाला का पंचायत बसवतो आन् त्यायचा ठेका काढतो."

आत्याबाई माशांची टोपली घेऊन तिथूनच चालली होती. टोपली खाली ठेवली, पदर खोचला. "औषध? अवो पाटील, औषधाले माह्याजवळ पैसे असते तं पहिले तुमच्या डोक्याले नसतं आनलं?" लोक खो खो हसले. पण हसण्यानं ठेका वाचत नाही. घरी आल्यावर चूल पेटवताना बांबूची फुंकणी तिनं इतक्या जोरात आपटली की तिला चीर गेली. तेव्हा मला कळलं, ही बाई घाबरली आहे.

त्याच हप्त्यात नागपूरहून डॉक्टर कापगते आले. माणूस आपल्याच भागातला, साकोलीकडचा, पण जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारा. घोरणारे बैल शोधत गावोगाव फिरत होता. घोरणारे बैल! मनिराम म्हणाला, "लोकायले काम नसते." डॉक्टर मात्र बैल सोडून बोडीच्या घाटावर बसला आणि पाण्यातल्या गोगलगायी वेचून बरणीत भरू लागला. आत्याबाई वल्हं घेऊनच धावली.

"माही बोडी कोनाले इचारून उपसता जी?"

"मासे नाही घेत, बाई. गोगलगायी घेतो. तुमच्या बायांच्या पायाची खाज यांच्यातच असेल असं मला वाटते."

"ढोराचा डाक्टर आन् आमचे पाय पाह्यते!" पण वल्हं तिनं खाली ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार.

डॉक्टरनं आमच्या अंगणात खाट मागितली, त्यावर आपलं सूक्ष्मदर्शक मांडलं आणि काचेच्या ग्लासात गोगलगायी घालून उन्हात ठेवल्या. उन्हं चढली तसं ग्लासातल्या पाण्यात काहीतरी वळवळू लागलं. भिंगातून पाहिलं तर बाप्पा! शेपटीवाले किडे, हजारांनी. डॉक्टरनं समजावलं की हा किडा मूळचा बैलाचा. तो बैलाचं अंग शोधत पाण्यात हिंडतो. बैलाऐवजी बाईचा पाय सापडला तर तिच्या कातडीत घुसतो, पण तिथं त्याला जगता येत नाही. तिथंच मरतो, आणि मरतो म्हणून खाज. पत्ता चुकलेला पाहुणा, दुसऱ्याच्या घरी येऊन मेला तर घरच्यांनाच निस्तरावं लागतं, तसं.

"मंग हे गावाले सांगा न जी!" आत्याबाई म्हणाली.

सांगितलं. कोण ऐकतो! पुंडलिकराव म्हणाला, "डाक्टर ढिवराच्या खाटेवर बसते, ढिवराचे मासे खाते, मंग ढिवराचंच बोलन." डॉक्टर बिचारा लाल झाला. म्हणाला, "मी सगळ्यांसमोर दाखवतो. बोडीचं पाणी उकळून थंड करू. उकळलं की किडा मरते, पण औषध असलं तर ते पाण्यात राहतेच. आणि दुसऱ्या घमेल्यात विहिरीचं पाणी, त्यात गोगलगायी. माझे दोन हात दोन घमेल्यांत घालतो. ज्या हाताला खाज सुटेल, ते पाणी दोषी."

आत्याबाईनं त्याला बाजूला सारलं. "तुमचा हात सरकारी. त्याच्यावर कोन भरोसा ठेवन? बोडी माही, पाय माहे." डॉक्टर नको नको म्हणत राहिला. ती ऐकते कुठली!

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गाव जमलं. पाणी पुंडलिकरावाच्याच घरच्यांनी आणलं, त्यांच्याच अंगणात उकळलं, म्हणजे कुणाला तोंड उघडायला जागा नको. आत्याबाई दगडावर बसली. लुगडं वर खोचून डावा पाय उकळलेल्या बोडीच्या पाण्यात घातला, उजवा गोगलगायींच्या पाण्यात. वर रणरणतं ऊन. ती मात्र बाजारात बसल्यासारखी बसून माझ्या सुगरणपणाच्या गोष्टी सांगत होती, सगळ्या खोट्या. मी दात ओठ खात उभी. आणि बोलता बोलता तिची बोटं आवळली गेली. तिनं दातांत पदर धरला, पण पाय काढला नाही. डॉक्टरनंच तो ओढून बाहेर काढला.

उजवी पोटरी लालभडक झाली होती, पुरळ उठून आलं होतं. डावा पाय जसाच्या तसा. लोक वाकून वाकून पाहू लागले.

"औषध नाही!" मी ओरडले. सासूसाठी मी गावात ओरडेन असं मलाही वाटलं नव्हतं.

पण पुंडलिकराव कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "औषध नसन," तो म्हणाला, "पन गोगलगाई त बोडीच्याच न? आन् कोठं बसतेत त्या? इच्या शिंगाड्याच्या येलाखाली! मंग दोष ढिवराचाच."

लोकांच्या नजरा वेलांकडे वळल्या. कारण ते खरं होतं. घाटाजवळ शिंगाड्याचं रान माजलं होतं आणि पानापानाखाली गोगलगायी होत्या. आत्याबाईनं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरनं मान हलवली, हो, तिथंच जास्त आहेत. पाय धगधगत असताना बोडी हातातून चालली होती. 

आणि तेव्हाच घाटावर आवाज आला. घुर्र... घुर्र...

पुंडलिकरावाचा बैल, गडी त्याला पाण्यावर घेऊन आला होता. नाव इंजन. श्वास घ्यायचा तो पवनी रोडवरून जाणाऱ्या गाडीच्या इंजनासारखा, म्हणून गावानंच नाव ठेवलेलं. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारा बैल. आमच्या गावात तेव्हा पक्की समजूत, घोरते तो बैल दमाचा. म्हणून बोडीत उतरायचा पहिला मान इंजनचा. पुंडलिकराव स्वतः ओंजळीनं त्याचं नाक धुवायचा, सगळा शेंबूड पाण्यात सोडायचा, नाक मोकळं झालं की इंजन फुरफुरायचा आणि आम्ही बाया कौतुकानं पाहत राहायचो.

"गोगलगाय किडा घेऊन जन्मत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. "तिलाही तो कुठून तरी लागते. पाटील, तुमच्या बैलाच्या नाकातलं थोडं घेऊ देता?"

नाही म्हणायला गाव समोर होतं. डॉक्टरनं काडीनं शेंबूड घेतला, काचेवर पसरला आणि पुंडलिकरावालाच डोळा लावायला सांगितलं. पाटलानं किती तरी वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाला, "इळ्यावानी हाय काईतरी. वाकडं."

"ती अंडी. नाकातल्या रक्ताच्या नळ्यांत किडा राहते म्हणून बैल घोरते. अंडी शेंबडातून पाण्यात जातात, त्यातून निघालेला जीव गोगलगाईत, गोगलगाईतून परत बैलाच्या अंगात. ते काही दम नाही पाटील, ते दुखणं आहे. सुया दिल्या तर बरं होईल."

"आन् पटात पळाचा थांबला तं?" पुंडलिकरावाचा आवाज फाटला. बैलावर त्याचा जीव होता, ते कुणीही सांगितलं असतं. "माह्या बैलाचा दम काढून घेता?"

गर्दीमागं कुणीतरी रुखमाबाईला बैलगाडीत बसवून आणलं होतं. ती गाडीतूनच बोलली, मोठ्यानं नाही. "बैलाचा दम पाह्यता जी. माहे पाय बी पाहा न कधी."

पाटलानं खाली मान घातली. आत्याबाई तेवढ्यात उठली, लंगडत पाण्याकडे गेली. "शिंगाडा माहा. घाटाजवळचा येल मी आज उपटीन. तुमी नाकं सांभाळा." माझं चुकलं हे तिनं तेव्हाही म्हटलं नाही बरं का! पण सुजलेल्या पायानं पहिली तीच पाण्यात उतरली, आणि हातात येईल तो वेल ओढून काठावर फेकू लागली. तिच्यामागं मी, मनिराम, सगळी आळी.

ठेका त्या साली हातचा गेला नाही. पंचायतीत 'पाहू' म्हणाले. पण आमच्या डोक्यावर तलवार टांगलेलीच होती, कारण खाज एका सालात जात नाही. पुढच्या रोवण्यालाही आली, जरा कमी. डॉक्टर येऊन बैलांना सुया देई. बायांना त्यानं सांगितलं, बांधीत उतरण्याआधी पायांना तेल चोळा, वर आल्यावर विहिरीच्या पाण्यानं धुवा. आम्ही मोहाचं तेल चोळायचो. आत्याबाईनं बदकं पाळली, गोगलगायी खातात म्हणून. ती बदकं माझ्याच मागं लागायची, हा भाग वेगळा. आणि रोज सकाळी ती घाटावर उभी. बैल आला की त्याच्या नाकाला कान लावायची. घोरला की परत पाठवायची, मग तो सरपंचाचा असो. पोरं तिला नाकवाली बाई म्हणायची. "नाक हाय म्हनून त म्हनतेत," ती ठसक्यात सांगे.

इंजन त्या हिवाळ्यात पटात पळाला. पहिला नाही आला, दुसरा आला. पण पळून आल्यावर शांत उभा राहिला, नाक वाजलं नाही. पुंडलिकराव त्याच्या गळ्याला मिठी मारून ढसाढसा रडला म्हणतात. आमच्याकडे मात्र तो फिरकला नाही.

तिसऱ्या सालच्या रोवण्यात बाया गाणी म्हणत होत्या. रुखमाबाई सगळ्यांच्या पुढं. आणि त्या सालचा पोळा आला.

पोळ्याला तोरण तुटलं की बैल घरोघर नेतात. घरची बाई बैलाचे पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळी चारते. पण आमच्या ढिवरआळीत बैल कधी येत नसत. आमच्याकडे बैलही नाहीत आणि तशी चालही नव्हती. म्हणून आत्याबाई दारात जाळं विणत बसली होती. एकदम घुंगरांचा आवाज आला, मान वर केली तर दारात इंजन. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. दोर पुंडलिकरावाच्या हातात.

तिची तारांबळ पाहण्यासारखी होती! ताट नाही, पुरण नाही, दिवा नाही. जन्मभर सगळ्यांना उत्तरं देणारी बाई, तिला कुंकवाची डबी सापडेना. मी माझी आणली. ती धावत जाऊन विहिरीच्या पाण्याची कळशी घेऊन आली आणि इंजनच्या पायाशी वाकली.

पुंडलिकरावानं हात आडवा धरला. "इहिरीचं नोको, यशोदाबाई. बोडीचं आन."

आत्याबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. मग कळशी तिथंच ओतून दिली, स्वतः बोडीवर गेली आणि भरून आणली. चारी पाय तिनं धुतले, एकेक खूर चोळून. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलंही नाही. शेवटी सवयीनं बैलाच्या नाकाला कान लावला आणि हात वर करून खूण केली, साफ आहे.

कळशीत थोडं पाणी उरलं होतं. पुंडलिकरावानं चपला काढल्या, कळशी उचलली आणि सगळं पाणी आपल्या पायांवर ओतून घेतलं.

आत्याबाईनं नाक ओढलं, पदर सावरला. "खाज सुटली तं सांगाले येजा, पाटील."