पुलापलीकडे राहिलेला सेनेन

एलादिओ आमच्या खोऱ्यातला मैलकुली. सात किलोमीटर रस्त्याचे खड्डे बुजवण्यात आणि दरडी उपसण्यात त्याची तीस वर्षं गेली. मी गावच्या शाळेत मास्तर. १९७८ साली आमच्या अस्तुरियास प्रांतातल्या, यादवी युद्धाच्या लढायांचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा आमचा पूल उडवताना तिथे हजर असलेल्यांपैकी तोच एक उरला होता.

सदतीसच्या सप्टेंबरात, सरकारविरुद्ध उठलेल्या बंडखोरांची फौज पूर्वेकडून एकेक डोंगर घेत आली. आख्खं गाव पूल ओलांडून पश्चिमेला निघालं. खाणीतले सुरुंगवाले पुलाखाली दारू ठासून, सगळे पार झाले की पूल उडवायला तयार होते. रस्ता एलादिओच्या पायाखालचा, म्हणून माणसं मोजायचं काम त्याच्याकडे.

इथवर त्याने भराभर सांगितलं.

"मग सेनेन मागे कसा राहिला?" मी विचारलं. सेनेन मुद्दाम मागे राहून फौजेला मिळाला, असं गावात लहानपणापासून ऐकत आलो होतो.

"गाभण गाय सोडवायला परत गेला. मला सांगून गेला, 'आलोच.' तोफा जवळ आल्या. सुरुंगवाल्याने विचारलं, कुणी राहिलंय? मी म्हटलं, कुणी नाही. पूल उडाला, मास्तर."

सेनेनचं पुढे काय झालं, कुणालाच कळलं नाही.

"हे मी छापणार," मी म्हटलं. "त्याआधी तुम्ही जेनेरोसाला सांगा."

सेनेनची बायको जेनेरोसा पायरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. एलादिओने टोपी काढली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणून दर वर्षी माझं घर शाकारायला यायचास होय रे?" ती म्हणाली. "आणि मी खुळी तुला आमलेट करून वाढायची!"

"जेनेरोसा, माझं चुकलं."

"मला कशाला सांगतोस? माझा नवरा कसा होता ते मला ठाऊक होतं. ओनोरिनोला सांग. शाळेत पोरं त्याला फितुराचा म्हणायची. तुझीही म्हणायची, आणि तू ऐकत बसायचास. सांगायचं तर चारचौघांत सांग."

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे सफरचंदाच्या दारूच्या गुत्त्यात जमले होते. सेनेनचा मुलगा ओनोरिनो, आता एक्केचाळीस वर्षांचा, पत्ते खेळत होता. एलादिओ त्याच्या टेबलापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझा बाप फितूर नव्हता. तो परत येतोय हे ठाऊक असून मी पूल उडवू दिला."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे म्हाताऱ्या, लढाईच होती ती."

"लढाई नव्हती," एलादिओ म्हणाला. "मी भ्यालो होतो."

ओनोरिनोने पत्ते पालथे ठेवले. मारतो की काय, असं वाटून मी पुढे झालो. त्याने एवढंच विचारलं, "गाय कुठली? तांबडी?"

"तांबडी."

"आई सांगायची तिच्याबद्दल," म्हणत तो उठून बाहेर गेला.

एलादिओ पुढे तीन वर्षं जगला. रस्त्यात ओनोरिनो दिसला की टोपी काढायचा. ओनोरिनो एकदाही थांबला नाही. जेनेरोसाचं घर शाकारायला मात्र एलादिओ जातच राहिला. ती शिडी धरायची, पण बोलायची नाही, आणि जेवायलाही बसवायची नाही.