सगळ्या योजनांची सगळी माहिती

राजुरीत इंद्रायणीबाईंच्या ओट्यावर उभं राहिलं की समोर त्यांच्या चुलत जावेची, कुशाबाईची कांदा चाळ दिसते. न बघायचं ठरवलं तरी दिसते. पहिल्या वर्षी इंद्रायणीने ओट्याला पोत्यांचा आडोसा करून पाहिला. पण वाऱ्याने पोतं हललं की चाळीचा तुकडा दिसायचा, आणि सदा दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा अधूनमधून दिसणारी जास्त सलते. शेवटी तिने पोती काढून टाकली.

दोघी एकाच मांडवातल्या. एकाच वैशाखात दोन चुलत भावांशी लग्नं लागली आणि दोघी एकाच ट्रकमधून राजुरीत आल्या. तेव्हापासून इंद्रायणीच्या मनात जी तागडी टांगली गेली ती कधी उतरली नाही. कुशाची म्हैस जास्त दूध द्यायची. कुशाच्या दारात नळ तीन दिवस आधी आला. कुशाचा रंग उन्हाने काळवंडत नसे. हे सगळं तिने कसंबसं पचवलं. चाळ काही पचेना.

चाळ म्हणजे नुसती शेड नव्हे. खालून वर हवा खेळती, त्यामुळे कुशाचा उन्हाळी कांदा दिवाळीपर्यंत खणखणीत राही आणि भाव बघून आळेफाट्याला जाई. इंद्रायणीचा कांदा उसाच्या पाचटाखाली ढिगाने पडलेला. श्रावण लागला की त्याला कोंब फुटत, पाणी सुटे. सडक्या कांद्याचा वास आपल्या दारात आणि भाव त्यांच्या दारात, हे तिला रोज नाकाने मोजावं लागे.

बरं, चाळीला सरकारी अनुदान देणाऱ्या योजनेचे फॉर्म दोन्ही घरांनी एकाच दिवशी, एकाच चावडीत भरले होते. दोन हजार चार सालची गोष्ट. उलट तिचे मालक गेणभाऊ रांगेत कुशाच्या मालकांच्या, रखमाजींच्या पुढे होते. पुढच्या साली चाळ मात्र रखमाजी-कुशाची उभी राहिली.

"नंबर लागला नसंल आपला," गेणभाऊ म्हणाले. त्यांना जगात फारसं काही सलत नसे.

"त्यांचा लागतो न् आपला नाय? आपला फॉर्म दाबला, दुसरं काय?"

तेवढ्यावर ती थांबली नाही. दारातले नळ बहुतेक कोरडेच, म्हणून पाणी भरायला टाकीवर गेली तेव्हा चार बायांसमोर म्हणाली, "चाळ काय अशीच मिळती व्हय? टेबलाखालून गेल्याबिगर?" कुशा तिथेच होती. तिने हंडा भरला, चुंबळ नीट केली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. गप्प बसली म्हणजे पाप आहे, असा अर्थ इंद्रायणीने काढला, आणि दोन वर्षं तोच पाढा गावभर म्हटला.

मग बचत गटाच्या बैठकीत नारायणगावच्या एक मॅडम आल्या. माहितीचा अधिकार आलाय म्हणाल्या. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लावा, सरकारला उत्तर द्यावंच लागतं. इंद्रायणी सातवी शिकलेली. तिने त्याच आठवड्यात अर्ज लिहायला घेतला. तिला हवं होतं एवढंच की, कुशाची चाळ कशी झाली. पण तसं लिहिलं तर गाव म्हणेल, जळते. म्हणून तिने नाव झाकायला तालुकाभरचं पांघरूण घातलं: 'सन १९९५ पासून आजपर्यंत जुन्नर तालुक्यात आलेल्या सगळ्या योजनांची, सगळ्या गावांतल्या सगळ्या लोकांची सगळी माहिती द्यावी.'

पंधरा-वीस दिवसांनी जानकू पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दारात आला. या घरात रजिस्टर घेत नसत. सासऱ्यांच्या वेळी वाटणीचे दावे चालले होते, तेव्हा कोर्टाची नोटीस याच वाटेने यायची. 'घेतलं की लागू झालं', असं सासूने नव्या सुनेला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि सून ते कुळाचारासारखं पाळत आली होती. पण हे पत्र तिच्या स्वतःच्या नावाचं, तिनेच मागवलेलं. तिने पदराला हात पुसले आणि सही केली.

"आज घेतलंत व्हय वैनी?" जानकू म्हणाला. "बरं झालं."

पत्रात लिहिलं होतं: 'आपण मागितलेली माहिती अत्यंत मोघम व विस्तृत स्वरूपाची आहे. तरी नेमकी कोणती माहिती हवी हे स्पष्ट करावे, अथवा समक्ष येऊन अभिलेख पाहावेत.' इंद्रायणीला वाटलं, घाबरले. दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून ती एसटीने जुन्नरला गेली.

कृषी कार्यालयात माहितीचं टेबल शेळकंदे नावाच्या भाऊसाहेबांकडे होतं. चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग भिंतीकडे बोट केलं.

"हे कपाट, ते कपाट, आणि मागच्या खोलीतले गठ्ठे. ही तुमची माहिती. द्यायला हरकत नाही ताई, पण नेणार कशात?"

"टेम्पो करीन की."

"करा. पण वाचणार कधी? माझं निम्मं आयुष्य यात गेलं, अजून मागची खोली राहिलीय." त्यांनी अर्ज समोर ओढला. "नेमकं काय पाहिजे?"

"सगळं."

"सगळं कुणालाच नको असतं हो. तुम्ही येताना सगळ्या एसट्यांत बसलात का? आपल्या गावच्याच बसलात ना? गाव कुठलं?"

"राजुरी."

पेन्सिलीने 'सगळ्या गावांतल्या' खोडलं. "योजना?"

इंद्रायणीने चहाचा घोट घेतला. "कांदा चाळ."

'सगळ्या योजनांची' गेलं. "साल?"

"चार-पाच साल."

"बघा, कपाटावरून एका गठ्ठ्यावर आलो. दहा-बारा नावं असतील. त्यातलं कुणाचं?"

घरात दिवसातून पन्नास वेळा जिभेवर येणारं नाव इथे ओठांशी येऊन अडलं. "नाव लिवलं तर त्यांना कळतं का?"

"कळतं. दुसऱ्याची फाईल मागितली तर त्याला पत्र घालून विचारावं लागतं. स्वतःची असेल तर आत्ता दाखवतो."

"आमची कसली फाईल? आमचा तर फॉर्म दाबला."

"दाबलेला फॉर्मसुद्धा फाईललाच असतो. मालकांचं नाव सांगा."

भाऊसाहेब मागे गेले आणि धूळ झटकत एक पिवळी फाईल घेऊन आले. वरच गेणभाऊंची तिरपी सही असलेला फॉर्म. त्याखाली निवड यादी. राजुरी, क्रमांक एक, गेणभाऊ. प्रतीक्षा यादी, क्रमांक एक, रखमाजी. इंद्रायणीने ते बोट लावून दोनदा वाचलं. त्याखाली पत्र होतं, आपली निवड झाली आहे, आठ दिवसांत कागदपत्रांसह हजर राहावे. आणि सगळ्यांत खाली टाचणी लावलेलं एक बंद पाकीट. त्यावर लाल शाईने लिहिलेलं: 'घेण्यास नकार.' जानकूची सही, तारीख.

तारखेची गरज नव्हती. भोगीचा दिवस होता. तव्यावर तीळ लावलेली बाजरीची भाकरी होती, गेणभाऊ रानात. दारातून जानकू म्हणाला होता, "गेणभाऊंच्या नावाचं रजिस्टर हाय वैनी." आणि तिने भाकरी उलटता उलटता, मान वर न करता सांगितलं होतं, "आमाला नाय घ्यायचं. जाऊ दे माघारी."

"आम्ही महिनाभर वाट पाहिली," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले. "मग खालचं नाव वर घेतलं. नियमच आहे तो." त्यांनी पेन्सिल उचलली. "मग अर्जात काय लिहू? कुणाची माहिती पाहिजे?"

"लिवा, मिळाली म्हनून."

परतीच्या एसटीत तिला खिडकी मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते तिला सांगता आलं नसतं. फाट्यावर उतरून ती घरी न जाता थेट समोरच्या चाळीत शिरली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. कुशा खाली बसून नासके कांदे वेचत होती. घमेल्यात जेमतेम सात-आठ. तेवढ्यातही इंद्रायणीने ते मोजले.

"कुशे, पयला नंबर आमचा व्हता."

"म्हाईतंय."

"कवापास्नं?"

"आमचं पत्र घिऊन जानकू आला ना, तवाच बोलला तो. म्हनला, इंदावैनींनी माघारी धाडलं म्हनून तुमाला."

इंद्रायणी बाजूच्या पोत्यावर बसली. "न् मी टाकीवर नाय नाय ते बोलले, तवा तुज्या त्वांडात काय गूळ व्हता?"

"बोलले असते तर ते भावजींच्या कानावर गेलं असतं. तू त्यांना काय त्वांड दावलं असतंस?" कुशाने एक कांदा दाबून पाहिला आणि बाजूला ठेवला. "न् चाळ तर मला मिळालीच व्हती. बोलायला चार शबुद तरी तुला नकोत व्हय?"

म्हैस, नळ, रंग, चाळ, इंद्रायणीचा सगळ्याचा हेवा करून झाला होता. पण आपल्या हाती जावेचं असं गुपित असतं, तर ते आपण टाकीपर्यंतसुद्धा झाकून नेलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं ही बाई रोज हंडा भरून, चुंबळ नीट करून गप निघून जात होती. ते आज चाळीहून जास्त सललं. तिने घमेलं जवळ ओढलं आणि कांदे वेचायला लागली.

"उद्या टाकीवर सांगते समद्यांना," ती म्हणाली.

"काय सांगशील?"

"सगळं."

"सगळं नको. कामापुरतं सांग. माझी चाळ नियमानं झाली एवढं बास."

घमेलं रिकामं करून इंद्रायणी उठली. दाराशी गेली, वळली, आणि चाळीची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी मापली.

"किती फूट गं?"

"चाळीस."

"यंदा परत फॉर्म भरनार हाय आमी. आमची पंचेचाळीस बांधू."

"बांध की," कुशा मान वर न करता म्हणाली. "रजिस्टर तेवढं घे."