कॅमेऱ्याचं तोंड

घरात माणसं आहेत, शेजार आहे, देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्या आहेत — पण ही गोष्ट त्यांतल्या कुणाच्या कानावर मी घातलेली नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही ना माझ्या घरचे, ना माझ्या भाचीच्या.

माझी सून संगीता लग्नाचे फोटो काढते. शेणव्यापासून डोळखांबपर्यंत हळदी, साखरपुडे, बारशी — फोटो काढणारी बाई आहे म्हणून बायका तिलाच बोलावतात. माझ्या भावाची मुलगी रेखा, मुरबाडची, तिच्याकडूनच शिकली. दोघींचं असं जमायचं की एकीच्या ताटातलं दुसरी खायची. मुरबाडच्या एका फोटोवाल्याने दुकान बंद केलं, तेव्हा त्याचे दोन कॅमेरे दोघींनी मिळून घेतले. एकीला एक, दुसरीला एक.

"बॉडी आल्या, बॉडी आल्या" करत संगीता घरात शिरली तेव्हा मी चुलीपुढून धडपडत उठले — गेलं कोण? दोघी पोट धरून हसल्या. पुढची लेन्स काढली की जे धड उरतं त्याला बॉडी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

दोन्ही काळे, एकाच कंपनीचे, जुळ्या पोरांसारखे. फरक काय? एक जरा नवा — त्यात व्हिडिओ बरा येतो, अंधारात फोटो साफ निघतो. दुसरा जुना, पण दणकट, हातात भरून बसतो. दोघींनी ओट्यावर दोन्हींनी फोटो काढून बघितले, माझे आणि कोंबड्यांचे. मला सगळे सारखेच दिसले. त्यांना मात्र दोघींनाही नवाच हवा होता, आणि तोंडाने चाललं होतं, "तू घे." "नाय गो, तूच घे." शेवटी ठरलं — रविवारी मी जिच्या हातात जो देईन, तो तिचा. तोवर दोन्ही धडं माझ्या कपाटात.

आता तुम्हीच सांगा, निवडायचं तर आधी बघायला नको? माझा बाप म्हसा गावच्या यात्रेत बैल घ्यायचा. जोडीतले बैल लांबून सारखेच दिसतात. बाप शिंगांचा रंग बघायचा नाही, गळ्यातल्या माळा बघायचा नाही — तोंड उघडून दात बघायचा. मी त्याच्या मागून वाकून बघायचे. बैलाच्या तोंडात काय आहे हे बघायची मला कोण हौस!

दुपारी संगीता बाहेर गेली, आणि मी दोन्ही कॅमेऱ्यांची झाकणं काढली.

आत काय असेल असं वाटतं तुम्हाला? मला वाटलं, तारा, चाकं — घड्याळात असतात तशी. आत आरसा होता. लहानसा, तिरका बसवलेला. कॅमेऱ्याला आरसा कशाला? तो काय स्वतःचं तोंड बघतो? मी कितीतरी वेळ दोन्हींत आळीपाळीने बघत बसले. जुन्यातला आरसा लख्ख होता, नव्यातला धुरकट. कंदिलाची काच मी जन्मभर राखेने पुसली. मी फडक्याला चिमूटभर राख लावली — आणि पुसला.

चरे पडले. बारीक, पितळेच्या भांड्यावर पडतात तसे. राख आत पसरली. फुंकर मारली तर आणखी आत गेली. मी झाकण लावलं.

इथवरचं मी कुणालाही सांगू शकले असते, नाही का? न कळून झालं. हसले असते सगळे. पण मी गप्प राहिले, आणि रविवारी दोघी पुढ्यात बसल्या तेव्हा नवा उचलून रेखाच्या हातात दिला.

चुकून नाही. खराब कुठला हे मला माहीत होतं. मी संगीताच्या हातचं जेवते, एवढाच विचार केला. आणि बघा कसं असतं — गावात माझं नाव झालं. सुनेला जुना, भाचीला नवा, म्हातारी मनाची मोठी! संगीताचं तोंड उतरलं, तर तिला मी वर ऐकवलं की पाहुण्या पोरीला चांगलं द्यायचं असतं.

पुढच्याच लग्नात रेखाच्या प्रत्येक फोटोवर डाग आले. नवऱ्याच्या फेट्यावर, नवरीच्या गालावर, मागच्या पडद्यावर — सगळ्या फोटोंत त्याच जागी. कितीतरी फोटो धूसर. नवरीच्या आईने भर मांडवात विचारलं, "हिच्या हातात कॅमेरा दिला कुनी?"

दुरुस्तीवाला म्हणाला, आत कुणीतरी काहीतरी घासलंय. रेखा तशीच आमच्याकडे आली. ओट्यावर चढली नाही, खालूनच म्हणाली, "आत्या, कपाटात होता तवा कुनी उघडला होता का गो?"

"मला काय कळतंय बाय त्यातलं? मी चौथी शिकलेली."

चौथीच शिकले, ते खरं आहे. अडाणी बाईला कोण दुसऱ्यांदा विचारतं? तिने संगीताकडे बघितलं. "तुलाच हवा होता ना नवा?" एवढंच बोलली. संगीता रडायला लागली, देवाची शपथ घेतली, माझ्याकडे वळली — "आई, तुमी सांगा ना, मी हात तरी लावला का?"

मी तांदूळ निवडत होते. खडे काढत राहिले.

रेखाने फोटो सोडले. आता आसनगावकडे एका गोदामात खोक्यांना पट्ट्या चिकटवते. आमच्याकडे येत नाही, संगीताचा फोन उचलत नाही. एकदा भाकऱ्या थापताना संगीता म्हणाली, "आई, मी मनातून जळले होते. माझीच नजर लागली असंल का त्याला?"

मी म्हटलं, "असंल."

हे सांगायचं होतं. राखेचं नाही — हे.

आरसा कशाला असतो ते मी नंतर तिलाच विचारून घेतलं. राहवलं नाही. फोटो काढताना तो वर उडतो, त्याच्या मागचा कॅमेऱ्यातला पडदा उघडतो, उजेड आत जातो. कटक वाजतं ते त्याचंच. परवा तिने माझा फोटो काढला, तेव्हा मी तोच आवाज ऐकत होते. फोटो छान आलाय. मनाची मोठी बाई बसलीय असं वाटतं. संगीताने तो मोठा करून चुलीसमोरच्या भिंतीवर लावलाय.