चिमणी गप्प झाली की

शिंपीणबाईंना लेकीच्या आरडाओरड्याची भीती नव्हती. भीती होती तिच्या गप्प होण्याची. आठ वर्षांची चिमणी खेळता खेळता मध्येच थांबायची, मान एका बाजूला कलवायची आणि आईच्या हातांकडे टक लावून बघत राहायची. मशीनवरचा बाईंचा पाय आपोआप थांबायचा. मग पोरगी झेप घ्यायची. चावे, ओरखडे, केस उपटणं. आणि ओसरलं की कापडाच्या ढिगावर गाढ झोपायची, काही झालंच नाही अशी.

नवरा ट्रक घेऊन फिरतीवर. त्याला सांगून पाहिलं, तर म्हणाला, तूच लाडावून ठेवलीस. तेव्हापासून बाईंनी तोंडाला कुलूप लावलं. भर उन्हाळ्यात लांब बाह्या घातल्या, कात्र्या उंच फळीवर ठेवल्या. पोटच्या पोरीकडे पाठ करायचा त्यांना धीर होईना.

शेजारच्या नर्सकाकू, आता निवृत्त झालेल्या, ब्लाउज न्यायला आल्या आणि त्यांना बाईंच्या मनगटावर दातांचे वण दिसले. सुई लागली, असं बाई म्हणाल्या. काकूंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मायलेकींना मुलांच्या दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंकडे घेऊन गेल्या. तिथे कुणी बाईंना बोल लावला नाही. चाहूल लागली की ओरडायचं नाही, मध्ये उशी धरायची, आणि एकटीनं सोसायचं नाही, एवढं शिकवलं.

एका दुपारी चिमणी पुन्हा तशीच थिजली. बाईंनी मधल्या भिंतीवर थाप मारली. काकू येऊन उंबऱ्याशी बसल्या. उशीत दात रुतले, कापूस उडाला. बाईंनी उशी सोडली नाही. बऱ्याच वेळानं पोरीनं काकूंना हळूच विचारलं, "आईला लागलं? ती मी नव्हते."

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी त्या मागे सरकल्या नाहीत.

"तूच होतीस, बाळा. आणि मी इथेच आहे."

झटके थांबले नाहीत, पण विरळ झाले. नवराही एकदा दवाखान्यात येऊन खाली मान घालून ऐकून गेला.

मग एका संध्याकाळी बाईंनी वळून पाहिलं तर चिमणी घरात नव्हती. दार सताड उघडं. त्या धावणार, तोच भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, अगदी सपाट.

"काकू, ते येतंय. आईजवळ येऊन बसा ना."